व्होल्टाचा हजारावा अंश

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे माझ्या आईच्या छातीत कळ आली, आणि आम्ही तिला घेऊन जवळच्या एका लहानशा रुग्णालयात गेलो. तिला खाटेवर निजवून तेथील तंत्रज्ञाने तिच्या हातापायांना चिमटे व छातीला शोषक वाट्या लावल्या. "आजी, अंग सैल सोडा, बोलू नका," असे म्हणून त्याने कळ दाबली. यंत्रातून कागदाची पट्टी सरकू लागली. परंतु तिच्यावर हृदयाच्या ठोक्यांचे ओळखीचे उंचवटे स्पष्ट दिसण्याऐवजी फणीच्या दातांसारखी बारीक, दाट, कंप पावणारी एक जाड रेघ उमटली. डॉक्टरांनी पट्टी उजेडाकडे धरली आणि ती खाली ठेवीत ते म्हणाले, "यावरून काहीच सांगता येत नाही. पुन्हा काढा."

तंत्रज्ञाने खाटेवर पडलेला कोणाचा तरी मोबाइलचा चार्जर काढून बाजूस ठेवला, आईच्या उजव्या घोट्याचा चिमटा काढला, तेथील कातडी ओल्या कापसाने खसखसून पुसली, जेली लावली आणि चिमटा पुन्हा बसवला. दुसरी पट्टी स्वच्छ आली. त्या दोन पट्ट्यांमधली आठ-दहा मिनिटे आम्हां भावंडांना फार लांब वाटली. सुदैवाने दुखणे हृदयाचे नव्हते. परंतु मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. घरी परतल्यावर मनात एकच प्रश्न घोळत राहिला. चिमटा छातीचाही नव्हे, हाताचाही नव्हे, तर उजव्या पायाचा. आणि तो नीट बसताच हृदयाचे चित्र स्वच्छ कसे झाले?

या प्रश्नाचे उत्तर त्या यंत्राच्या दाराशी बसलेल्या एका लहानशा विद्युत् परिपथात आहे. त्याला 'इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर' म्हणतात. आपण त्याला 'उपकरण-विवर्धक' म्हणू. हे नाव जरा अवजड आहे, पण काम मोठे नाजूक आहे.

प्रथम त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते ते पाहू. हृदयाच्या स्नायूंचे आकुंचन होताना जो विद्युद्दाब उत्पन्न होतो, तो कातडीपर्यंत येईतो जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टाचा हजारावा अंश उरतो. विजेरीतील साध्या सेलाचा दाब याच्या दीड हजार पट असतो. उलटपक्षी आपल्या घराच्या व रुग्णालयाच्या भिंतींतून २३० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेत खेळत असते. तिची तार आपल्याला कोठेही चिकटलेली नसते, तरीही मधल्या हवेतून तिचा अल्पसा प्रभाव शरीरावर पडतच असतो. जमिनीपासून अलग असलेल्या माणसाच्या अंगावर अशा रीतीने व्होल्टाच्या घरातला दाब सहज चढतो. आपल्याला त्याची जाणीव होत नाही. पण यंत्राला होते. एकाने कानात कुजबुजावे आणि त्याच वेळी शेजारी ढोल वाजत असावा, असा हा प्रकार आहे.

येथे एका थोर संशोधकाची आठवण होते. हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइन्टहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हृदयाचा विद्युत् आलेख प्रथम नीटपणे टिपला. त्यांच्यापाशी कसलाही विवर्धक नव्हता. प्रबळ विद्युत् चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणलेला, चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू त्या क्षीण प्रवाहाने किंचित हलत असे आणि त्याची मोठी केलेली सावली सरकत्या फोटोच्या काचेवर टिपली जात असे. रुग्णाने दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचे. ते यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते. त्यामुळे १९०५ साली त्यांनी रुग्णाला यंत्राकडे न आणता रुग्णालयातून दीड किलोमीटर अंतरावरील प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारांवरून हृदयाचा संदेश मागविला! १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे निर्वात नळ्यांचे विवर्धक आले आणि यंत्र हलके झाले. पण विवर्धक कुजबुजीबरोबर ढोलही तितकाच मोठा करू लागला. चर्चच्या फेस्ताला वा गावच्या जत्रेला कर्णा लावताना गाण्याआधी जो 'घूं' असा आवाज निघतो, तो हाच पन्नास आवर्तनांचा ढोल होय.

यातून सुटण्याची युक्ती वरकरणी अगदी सोपी आहे. मांडवी नदीच्या फेरीबोटीत दोन माणसे शेजारी उभी आहेत असे समजा. भरती आली की बोट वर जाते, ओहोटीला खाली येते, आणि दोघांची डोकी नदीच्या तळापासून हातहातभर वरखाली होतात. परंतु त्या दोघांच्या उंचीत जो दोन बोटांचा फरक आहे, तो भरतीने वाढत नाही नि ओहोटीने घटत नाही. ज्याला तो फरक हवा त्याने तळापासून मोजूच नये. एका डोक्यापासून दुसऱ्या डोक्यापर्यंत मोजावे. शरीरावर चढलेला पन्नास आवर्तनांचा दाब ही भरती. ती उजव्या हातावर आणि डाव्या हातावर जवळजवळ सारखीच असते. हृदयाचा दाब मात्र दोन हातांवर वेगवेगळा पडतो. म्हणून दोन्ही हातांवरील दाबांची वजाबाकी करावी आणि जो उरेल तोच तेवढा मोठा करावा. अशा वजाबाकी करणाऱ्या विवर्धकाचा उपयोग शरीरातील विद्युत् संदेश मोजण्यासाठी इंग्लंडातील ब्रायन मॅथ्यूज यांनी १९३४ साली केला. ज्या ध्वनिग्राहकासमोर बसून मी हे बोलत आहे, त्याच्या तारेतही हाच न्याय आहे. तिच्यातील दोन तारांवर बाहेरचा उपद्रव सारखाच पडतो आणि पलीकडे वजाबाकीत नाहीसा होतो.

मात्र कागदावरची वजाबाकी आणि विजेची वजाबाकी यांत अंतर आहे. ऑप-अ‍ॅम्प नावाचा एक विवर्धक आणि चार रोधक घेतले की वजाबाकीचा परिपथ तयार होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतही तो जुळविता येतो. पण त्यात दोन खोडी आहेत. पहिली ही की तो संदेश देणाऱ्याकडून प्रवाह मागतो. कोरड्या कातडीतून येणाऱ्या संदेशाच्या वाटेत हजारो ओहमांचा रोध असतो. तेथे प्रवाह मागणे म्हणजे अशक्त माणसाला ओझे उचलायला लावणे. दुसरी खोड अधिक वाईट. ते चार रोधक परस्परांशी तंतोतंत जुळले तरच वजाबाकी खरी होते. बाजारात मिळणाऱ्या रोधकांच्या मूल्यात एक टक्का इकडेतिकडे असते. चारही रोधक नेमके प्रतिकूल दिशेने चुकले, तर सामाईक दाबाचा पन्नासावा भाग वजाबाकीतून निसटून पुढे जातो. एक व्होल्टाच्या भरतीतून वीस मिलिव्होल्ट निसटले, तर एक मिलिव्होल्टाचे हृदय कोठे शोधायचे?

म्हणून उपकरण-विवर्धकात एका ऐवजी तीन ऑप-अ‍ॅम्प असतात. त्यांची रचना मला इतकी सुंदर वाटते की ती थोडी सावकाश सांगतो. ऑप-अ‍ॅम्पला आत येण्याची दोन टोके असतात, आणि आपल्या बाहेरच्या टोकाकडून योग्य ती परतफेड मिळाली की तो त्या दोन टोकांवरचा दाब सारखा राखण्याची सतत खटपट करतो. एवढा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. आता पुढच्या फळीत असे दोन ऑप-अ‍ॅम्प ठेवले. एकाच्या एका टोकाला उजवा हात जोडला, दुसऱ्याच्या एका टोकाला डावा. ही टोके प्रवाह जवळजवळ घेतच नाहीत. तेव्हा पहिली खोड गेली. त्या दोघांची उरलेली टोके एका रोधकाने परस्परांशी जोडली. स्वभावाप्रमाणे प्रत्येक जण आपले दुसरे टोक आपल्या हाताच्या दाबाइतके राखतो. अर्थात मधल्या रोधकाच्या दोन बाजूंना नेमका दोन हातांमधील फरक येऊन उभा राहतो. त्या फरकाने रोधकातून प्रवाह निघतो, आणि त्याला जाण्यास दुसरी वाट नसल्यामुळे तो दोन्ही बाजूंच्या मोठ्या परतफेडीच्या रोधकांतून वाहतो. मोठ्या रोधांवर मोठा दाब. म्हणजे फरक वाढला!

आणि भरती? दोन्ही हातांचा दाब एकदम वर गेला तर मधल्या रोधकाच्या दोन्ही बाजू सारख्याच वर जातात, त्यातून तिळभरही प्रवाह वाहत नाही, आणि ती भरती मुळीच मोठी न होता जशीच्या तशी पुढे जाते. आता मोठा झालेला फरक आणि न वाढलेली भरती अशी जोडी तिसऱ्या ऑप-अ‍ॅम्पपाशी येते, आणि तो ती जुनी वजाबाकी करतो. भरती निसटायची तेवढी निसटते, पण तोवर फरक कितीतरी पुढे गेलेला असतो. एका प्रसिद्ध चिपेत दोन मोठे रोधक मिळून ५० हजार ओहमांचे आहेत. मधे ५०५ ओहमांचा रोधक जोडला की फरक शंभरपट होतो. तिसऱ्या ऑप-अ‍ॅम्पचे चार रोधक चिपेतच घडवून कारखान्यात लेसरच्या किरणाने तासून जुळविलेले असतात. सोनाराचा काटाही त्यापुढे ओबडधोबड म्हणावा! परिणामी चांगला उपकरण-विवर्धक सामाईक दाबापेक्षा फरकाला एक लाखपट अधिक मान देतो. एक व्होल्टाची भरती त्याच्यापुढे दहा मायक्रोव्होल्टांची, म्हणजे हृदयाच्या संदेशाच्या शंभरांश होऊन बसते.

आता उजव्या पायाचे कोडे सुटते. हृदयाचे मोजमाप त्या पायावर होत नाही. यंत्र दोन्ही हातांवरील सामाईक भरती पाहते, ती उलटी करून वाढविते आणि उजव्या पायातून शरीराला परत देते, जेणेकरून भरती मुळातच ओसरावी. माझ्या आईच्या घोट्याची कातडी कोरडी राहिल्यामुळे हा परतीचा मार्ग तुटला होता. भरती चढली, आणि शिवाय दोन्ही हातांच्या चिमट्यांचा स्पर्शही सारखा नसल्याने त्या भरतीचा थोडा भाग फरकाचे सोंग घेऊन आत शिरला. असे सोंग घेतलेला चोर उत्तमातल्या उत्तम विवर्धकालाही ओळखता येत नाही. चार्जरचा हात त्यात किती होता कोण जाणे. मला वाटते, खरा गुन्हेगार तो घोटाच.

हाच विवर्धक आपल्याला इतरत्रही भेटतो. बेळगाव, कोल्हापूरकडे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची ट्रॉली चढते तेव्हा खालच्या पोलादी ठोकळ्याला चिकटविलेल्या तारा केसाहूनही कमी ताणल्या जातात. दहा व्होल्ट पुरविले असता पूर्ण भाराला वीस मिलिव्होल्टांचा फरक मिळतो, आणि तोही पाच व्होल्टांच्या सामाईक दाबावर बसलेला. काटा साठ टनांचा धरला, तर एक क्विंटल ऊस म्हणजे सुमारे ३३ मायक्रोव्होल्ट. शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब असा दहालक्षांश व्होल्टांत चालतो! आजच्या काट्यांत हे काम बहुधा मोजणी करणाऱ्या चिपेतच सामावलेले असते. पण तत्त्व तेच.

येथवर ऐकण्याची गोष्ट झाली. परंतु ज्याचे कान इतके तिखट, त्याच्या कानाशी तोफ डागली तर काय होईल? दोन वर्षांपूर्वी मी शाळेच्या विज्ञान मंडळातील मुलांसाठी अशी एक चिप मागविली होती. फेब्रुवारीचा कोरडा दिवस, अंगात टेरिकॉटचा सदरा. खुर्चीवरून उठून मी चिपेला बोट लावले, बारीकशी ठिणगी चावली, आणि नंतर त्या चिपेने कितीही आळविले तरी तोंड उघडले नाही. ज्या ठिणगीची चावण आपल्याला कळते, तिचा दाब सुमारे तीन हजार व्होल्ट असतो. माणसाच्या अंगात त्या वेळी साठलेली ऊर्जा एका ज्यूलच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि ती सेकंदाच्या कोट्यवधीव्या अंशांत निघून जाते. पण त्या क्षणी प्रवाह एक-दोन अँपियरचा असतो, आणि चिपेच्या दारातील नाजूक ट्रान्झिस्टरला तेवढा पुरतो. मुलांना नुकसानीचे वाईट वाटले. मी मात्र तोच त्या दिवसाचा पाठ केला.

दाराच्या रक्षणाची मूळ कल्पना बांधाच्या सांडव्यासारखी आहे. प्रत्येक प्रवेशापासून विद्युत् पुरवठ्याच्या दोन्ही टोकांकडे एकेक डायोड जोडतात. संदेश आपल्या मर्यादेत असेतो डायोड बंद राहतात. दाब पुरवठ्याच्या वर गेला की डायोड उघडून जादा प्रवाह तिकडे वळवितो. परंतु सांडव्यातून किती पाणी जावे यालाही सीमा आहे; म्हणून डायोडाच्या अलीकडे एक रोधक घालावा लागतो. समजा पुरवठा १५ व्होल्टांचा आहे आणि चुकून ५० व्होल्ट आले. वरचे सुमारे ३४ व्होल्ट रोधकाने सोसले पाहिजेत. प्रवाह पाच मिलिअँपियरच्या आत ठेवायचा तर रोधक सात हजार ओहमांचा हवा.

मग मोठा रोधक घालून निश्चिंत का होऊ नये? कारण विश्वातला प्रत्येक रोधक उष्णतेने स्वतःच पुटपुटत असतो, आणि रोध जितका मोठा तितकी ही पुटपुट मोठी. दोन्ही दारांत सात-सात हजार ओहम घातले, तर त्यांची पुटपुट त्या चिपेच्या स्वतःच्या पुटपुटीच्या जवळजवळ दुप्पट होते. हृदयाच्या आलेखाला हे सहज चालते. वजनकाट्याचा संदेश त्याहून क्षीण, त्याला ते बोचते. डायोडही निर्दोष नसतो. बंद असतानाही तो किंचित गळतो, आणि दर दहा अंश तापमानाला ती गळती सुमारे दुप्पट होते. शिवाय दोन दारांतील रोधक जर सारखे नसतील, तर पुन्हा तोच सोंग घेतलेला चोर आत येतो. आणखी एक मौज म्हणजे, जवळ एखादे प्रक्षेपण केंद्र असले तर हा रक्षक डायोडच जुन्या क्रिस्टल रेडिओप्रमाणे त्या लहरी पकडू लागतो आणि मोजणीत भलतीच चूक घालतो. म्हणून रोधकापुढे लहानसे धारित्र ठेवून त्या लहरी दाराबाहेरच थोपवितात.

पन्नासपट मोठा करणाऱ्याने पन्नासपट भिऊन राहावे, असे नाही. काही चिपांच्या दारात असे ट्रान्झिस्टर बसविलेले असतात की ते शांततेच्या वेळी अडथळा जवळजवळ करीत नाहीत, पण लोंढा आला की प्रवाहाला काही मिलिअँपियरवर रोखून धरतात. अशी चिप ४० व्होल्टांपर्यंतचा उपद्रव, तिचा स्वतःचा पुरवठा बंद असतानाही, निमूटपणे सोसते. हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे; कारण यंत्र बंद आणि संदेशाची तार मात्र जिवंत, ही स्थिती व्यवहारात नेहमी येते. मला विचाराल तर हाताने जुळवाजुळव करणाऱ्याने पुटपुटीचा थोडा दंड भरावा, पण रक्षणावाचून एकही दार ठेवू नये.

खरी कसोटी मात्र रुग्णालयातच लागते. हृदयाचा ठोका विस्कळीत होऊन थरथर सुरू झाली की छातीवर विजेचा जोरदार धक्का देतात. १९४७ साली अमेरिकेतील क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या हृदयावर असा धक्का देऊन एका मुलाचे प्राण वाचविले, आणि १९५६ साली पॉल झोल यांनी छाती न उघडता तो देता येतो हे दाखविले. या धक्क्याचा दाब हजारो व्होल्टांचा असतो, आणि त्या वेळी हृदयालेखाच्या तारा रुग्णाच्या अंगावरच असतात. एक मिलिव्होल्ट ऐकण्यासाठी बसलेल्या दारावर दशलक्षपटींनी मोठा घाव पडतो!

त्याला तोंड देण्यासाठी जुन्या वाड्यासारखी रचना करतात. वाड्यात देवडी ओलांडल्यावाचून चौकात येता येत नाही, आणि चौक ओलांडल्यावाचून माजघरात. येथे देवडीवर तारेतील भक्कम रोधक आणि त्यामागे निऑनचा लहान दिवा किंवा तसलीच वायूची नळी असते. साधारण नव्वद व्होल्टांपर्यंत ती नळी जणू नाहीच. त्यापुढे आतील वायू पेटून लोंढा बाजूला वळतो. तेथून सुटलेले काही दहा व्होल्ट चौकातील दुसरा रोधक व डायोड गिळतात, आणि माजघरातील विवर्धकाला झुळूक तेवढी लागते. पण तो नुसता जिवंत राहून भागत नाही. धक्क्यानंतर डॉक्टरांची नजर पडद्यावर खिळलेली असते. हृदय पुन्हा चालू झाले की नाही? धक्क्याने तुंबलेली धारित्रे रिकामी होण्यास मिनिट लागले, तर पडद्यावर सरळ रेघ दिसेल आणि ती हृदयाची की यंत्राची हे कोणालाच कळणार नाही. म्हणून काही सेकंदांत पुन्हा ऐकू लागणे हे या यंत्रांचे बंधनच मानले आहे.

रक्षण उलट दिशेनेही हवे असते. यंत्रातून रुग्णाच्या अंगात प्रवाह जाता कामा नये. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या उपकरणांना साधारण स्थितीत दहा मायक्रोअँपियरची मर्यादा आहे. उजव्या पायाच्या वाटेत मोठा रोधक असतो तो याचसाठी, आणि रुग्णाकडील सगळा भाग भिंतीतल्या विजेपासून अलग ठेवलेला असतो. मुलांना मी बजावून सांगतो, तेच येथे सांगतो. घरी जुळविलेला, भिंतीच्या विजेवर चालणारा परिपथ स्वतःच्या वा कोणाच्याही अंगाला कधीही जोडू नये.

आईने त्या दोन्ही पट्ट्या आपल्या कपड्यांच्या पेटीत जपून ठेवल्या आहेत. परवा मी पहिली पट्टी काढून तिच्यावर भिंग धरले. कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर सरकतो. मी तेवढ्या लांबीतले दात एकेक करून मोजले. बरोबर पन्नास भरले.